अमेरिकेच्या यादवी युद्धाची कारणे वर्गात कशी शिकवावीत?

इतिहासाच्या अध्यापनाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकाच विषयावर आहेत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत, संघराज्यातून फुटलेली दक्षिणेकडील राज्ये आणि उत्तर यांच्यात झालेले यादवी युद्ध विद्यार्थ्यांना कसे समजावून द्यावे, असा त्यांचा आशय आहे. चारही पत्रांची उत्तरे एकत्र देत आहे. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या प्रश्नांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : मी पुण्यातील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत नववी-दहावीच्या वर्गांना इतिहास शिकवते. आमच्या टिपणांत या युद्धाची पाच कारणे दिलेली आहेत : गुलामगिरी, राज्यांचे अधिकार, आयातकर, उत्तर व दक्षिण यांच्या अर्थव्यवस्थांतील फरक आणि लिंकन यांची अध्यक्षपदी निवड. मुले ही यादी पाठ करतात आणि परीक्षेत जशीच्या तशी उतरवतात. गुलामगिरी हे पाचांपैकी एक कारण मानावे की मुख्य कारण? आणि मुख्य असेल, तर ते केवळ माझ्या सांगण्यावरून नव्हे, स्वतः विचार करून मुलांना कसे पटावे?

उत्तर : गुलामगिरी हे मुख्य कारण होते, हे प्रथम निःसंदिग्धपणे सांगतो. आजच्या इतिहासकारांमध्ये या मुद्द्यावर मोठा वाद उरलेला नाही आणि वर्गातही तो उरल्याचा आभास निर्माण करू नये. आपली अडचण यादीतील बाबींपेक्षा यादीच्या रचनेत अधिक आहे. महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यार्थी १८५७ च्या उठावाची कारणे राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी आणि तात्कालिक अशा मथळ्यांखाली लिहायला शिकतो. ही पद्धत उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या सोयीची आहे, परंतु तिच्यामुळे सर्व कारणे एकाच उंचीची दिसू लागतात आणि एका कारणातून दुसरे कसे निघाले, हा इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारलाच जात नाही.

म्हणून पहिल्या तासिकेत मुलांना प्रत्येक कारणापुढे एकच प्रश्न लिहायला सांगावा : यातून गुलामगिरी वजा केली, तर भांडण्यासारखे काय उरते? अर्थव्यवस्थांमधील फरक घ्या. उत्तरेतील कारखानदारी आणि पश्चिमेकडील शेतीप्रधान राज्ये यांच्या अर्थव्यवस्थाही एकमेकींहून भिन्न होत्या, तरीही त्यांच्यात युद्ध झाले नाही. दक्षिणेचा फरक वेगळ्या जातीचा होता. १८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेच्या सुमारे ३ कोटी १४ लाख लोकसंख्येपैकी ३९ लाखांहून अधिक माणसे गुलाम होती. साउथ कॅरोलिना आणि मिसिसिपी या दोन राज्यांत तर निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलामांची होती. या माणसांची बाजारातील किंमत सुमारे ३ अब्ज डॉलर धरली जात असे आणि देशातील कारखाने व रेल्वे यांत गुंतलेल्या भांडवलापेक्षाही ही रक्कम मोठी होती. देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता आणि तो कापूस प्रामुख्याने गुलामांच्या श्रमावर पिकत होता. हे आकडे फळ्यावर लिहिले की ‘अर्थव्यवस्थेतील फरक’ हे गुलामगिरीहून निराळे कारण नाही, हे मुलांना आपोआप दिसू लागते.

आयातकराची गोष्ट तारखांनी निकालात निघते. या करावरून १८३२-३३ मध्ये साउथ कॅरोलिना आणि संघराज्य यांच्यात खरोखर गंभीर पेच निर्माण झाला होता, परंतु तो तडजोडीने मिटला. १८५७ च्या कायद्याने करांचे दर खाली आणले. दर वाढवणारा मॉरिल कायदा मार्च १८६१ मध्ये मंजूर झाला आणि तोपर्यंत सात राज्ये संघराज्यातून बाहेर पडून त्यांचे प्रतिनिधी काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, सोडून गेले होते. ते आपल्या जागांवर बसून राहिले असते, तर तो कायदा सिनेट या तिच्या वरिष्ठ सभागृहात अडवणे त्यांना शक्य होते. ज्या कायद्याच्या आधीच राज्ये फुटली, तो कायदा फुटण्याचे कारण कसा असेल, हे नववीच्या मुलीला विचारले, तर ती अचूक उत्तर देते.

राज्यांच्या अधिकारांचा मुद्दा अधिक काळजीपूर्वक हाताळावा लागतो, कारण तो ऐकायला तात्त्विक वाटतो आणि हुशार विद्यार्थ्यांना तो विशेष आवडतो. त्यांना विचारावे : राज्याला कशाचा अधिकार हवा होता? १८५० मध्ये काँग्रेसने पळून गेलेल्या गुलामांविषयीचा कठोर कायदा केला. उत्तरेतील राज्यांच्या हद्दीत येऊन पोहोचलेल्या माणसालाही पकडून मालकाच्या हवाली करण्याची सक्ती त्याने केली. विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला, म्हणजे राज्याच्या अधिकाराचा वापर येथे गुलामगिरीच्या विरोधात झाला. १८५९ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. दक्षिणेच्या पुढाऱ्यांनी या वेळी राज्यांची बाजू घेतली का? त्यांनी संघराज्याच्या सत्तेचीच बाजू घेतली. इतकेच नव्हे, तर साउथ कॅरोलिनाने डिसेंबर १८६० मध्ये आपली फुटण्याची कारणे जाहीर केली, त्यात उत्तरेतील राज्ये हा कायदा पाळत नाहीत ही ठळक तक्रार आहे. म्हणजे राज्यांनी आपले अधिकार वापरले, हीच त्या जाहीरनाम्याची तक्रार होती.

दुसऱ्या तासिकेत टिपणे बाजूला ठेवून ही प्राथमिक साधने मुलांच्या हाती द्यावीत, असा माझा आग्रह आहे. साउथ कॅरोलिना, मिसिसिपी, जॉर्जिया आणि टेक्सास या चार राज्यांनी आपण का फुटत आहोत, याचे सविस्तर जाहीरनामे काढले. मिसिसिपीचा जाहीरनामा सुरुवातीलाच सांगतो की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित आहे आणि ही संस्था म्हणजे जगातील सर्वांत मोठा भौतिक हितसंबंध आहे. फुटलेल्या राज्यांनी स्वतःची जी घटना तयार केली, तिने गुलामांवरील मालकी हक्काला बाध आणणारा कायदा करण्यास मनाई केली. या घटनेत राज्यांना किती मोकळीक होती आणि गुलामगिरीला किती संरक्षण होते, याची तुलना विद्यार्थ्यांनी स्वतः करावी.

यापुढील अभ्यास मला सर्वांत मोलाचा वाटतो. दक्षिणेच्या नव्या राज्यसंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी जॉर्जियातील सव्हाना येथे भाषण केले. निग्रो हा गोऱ्या माणसाच्या बरोबरीचा नाही आणि वरिष्ठ वंशाच्या अधीन असणे ही त्याची नैसर्गिक स्थिती आहे, या ‘महान सत्यावर’ आपल्या सरकारची कोनशिला उभी आहे, असे त्यांनी त्या सभेत सांगितले. युद्ध हरल्यानंतर, १८६८ पासून, याच स्टीफन्स यांनी मोठा ग्रंथ लिहून हा सारा संघर्ष संघराज्याचे स्वरूप आणि केंद्राची सत्ता यांविषयीचा होता, असे प्रतिपादन केले. दोन्ही उतारे तारखांसह शेजारी ठेवावेत आणि मुलांना विचारावे की माणूस तोच असताना कारण का बदलले. युद्धापूर्वीचे आणि युद्धानंतरचे लेखन यांत असा फरक का पडतो, हे ज्या विद्यार्थ्याला समजले, त्याला साधनांची चिकित्सा ही गोष्ट पुन्हा वेगळी शिकवावी लागत नाही.

लिंकन यांची निवड हे तात्कालिक कारण म्हणून शिकवण्यास हरकत नाही, मात्र त्या निवडीने दक्षिणेला एवढा धक्का का बसला, हे सांगितले पाहिजे. मेक्सिकोशी झालेल्या युद्धातून १८४८ मध्ये अमेरिकेला पश्चिमेकडे प्रचंड भूभाग मिळाला आणि तेथे गुलामगिरीला वाव द्यायचा की नाही, हा प्रश्न उभा राहिला. १८२० च्या मिसुरी तडजोडीने अक्षांशाची एक रेषा आखून हा प्रश्न पूर्वी दाबून ठेवला होता. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती रेषा पुसली आणि कॅन्ससमध्ये दोन्ही पक्षांच्या वसाहतवाल्यांत रक्तपात सुरू झाला. त्याच वर्षी गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करणारा रिपब्लिकन पक्ष, म्हणजे पुढे लिंकन यांचा पक्ष, उदयास आला. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही आणि काँग्रेसला या प्रदेशांत गुलामगिरीवर बंदी घालता येत नाही, असा निर्णय दिला. १८६० मध्ये ३३ राज्यांपैकी १८ राज्ये गुलामगिरी नसलेली होती, त्यामुळे सिनेटमधला जुना समतोल ढळलेला होता. अशा वेळी गुलामगिरीचा प्रसार थांबवू असे म्हणणारा उमेदवार, दक्षिणेतील बहुतेक राज्यांत त्याला मते देण्याची सोयच नसताना, अध्यक्ष झाला. आपल्या संमतीशिवाय देशाची सत्ता बनू शकते, हे त्या दिवशी गुलाममालकांना कळले.

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये राहतो. माझा मुलगा आठवीत आहे. त्याच्या वर्गातील एका मुलाने असे मांडले की लिंकन यांनी स्वतःच ‘एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचवता आले, तर मी तसे करीन’ असे लिहिले होते, शिवाय उत्तरेच्या बाजूने लढणाऱ्या काही राज्यांतही गुलामगिरी होती आणि दक्षिणेच्या बहुसंख्य गोऱ्या सैनिकांकडे एकही गुलाम नव्हता. मग युद्ध गुलामगिरीसाठी झाले असे कसे म्हणायचे, असे मुलगा मला विचारतो. मी काय सांगावे?

उत्तर : त्या वर्गमित्राने दिलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, हे मुलाला आधी मान्य करून सांगा. खरी माहिती नाकारून योग्य निष्कर्ष पटवता येत नाही. लिंकन यांचे ते वाक्य २२ ऑगस्ट १८६२ च्या एका जाहीर पत्रातील आहे. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी या राज्यांत गुलामगिरी असूनही ती संघराज्यातच राहिली. आणि दक्षिणेतील बहुसंख्य गोऱ्या कुटुंबांच्या मालकीचे गुलाम नव्हते, हेही खरे आहे.

गोंधळ होतो तो तीन वेगळे प्रश्न एकत्र मिसळल्यामुळे. दक्षिणेतील राज्ये का फुटली, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर त्यांनीच लिहून ठेवले आहे आणि ते गुलामगिरी हे आहे. ती फुटल्यावर उत्तरेने त्यांना जाऊ का दिले नाही, हा दुसरा प्रश्न. त्याचे १८६१ मधील उत्तर संघराज्य टिकवणे हे आहे. लिंकन यांनी ४ मार्च १८६१ च्या शपथविधीच्या भाषणात, जेथे गुलामगिरी आहे तेथे तिला हात लावण्याचा आपला हेतू नाही, असे स्पष्ट म्हटले होते. १२ एप्रिलला दक्षिणेच्या तोफांनी साउथ कॅरोलिनातील फोर्ट सम्टर या संघराज्याच्या किल्ल्यावर मारा केला आणि लिंकन यांनी ७५ हजार स्वयंसेवकांची मागणी केली, तेव्हा आणखी चार राज्ये फुटली. एकेक सैनिक का लढला, हा तिसरा प्रश्न, आणि त्याची उत्तरे अनेक आहेत : आपल्या गावावर सैन्य चालून आले म्हणून, सक्तीची भरती झाली म्हणून, सोबती गेले म्हणून, आणि गुलामगिरी गेली तर गरीब गोऱ्याचे उरलेसुरले सामाजिक श्रेष्ठत्वही जाईल या भीतीनेही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाला चिकटवणे, ही या विषयात वारंवार आढळणारी चूक आहे.

त्या पत्राची तारीखही मुलाला पाहू द्या. ते लिहिण्यापूर्वीच, २२ जुलै १८६२ रोजी, लिंकन यांनी गुलाममुक्तीच्या घोषणेचा मसुदा आपल्या मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. ती घोषणा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आली आणि डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने देशभरातील गुलामगिरी कायद्याने संपवली. युद्ध चालू असताना उत्तरेचे उद्दिष्ट बदलत गेले आणि हा बदल एकट्या लिंकन यांनी घडवला नाही. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियातील तीन गुलाम पळून फोर्ट मन्रो येथे संघराज्याच्या सैन्याकडे आले आणि जनरल बटलर यांनी त्यांना मालकाकडे परत पाठवण्यास नकार दिला. त्यांच्या मागून हजारो माणसे आली. पुढे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यात लढले. युद्धाच्या अखेरीस, मार्च १८६५ मध्ये, लिंकन यांनी म्हटले की गुलामांशी निगडित हितसंबंध कोणत्या ना कोणत्या प्रकारे युद्धाचे कारण आहे, हे सर्वांनाच ठाऊक होते.

आपण टेक्सासमध्ये आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्या राज्याने २०१० मध्ये ठरवलेल्या अभ्यासक्रमात प्रादेशिक अस्मिता, राज्यांचे अधिकार आणि गुलामगिरी अशा क्रमाने कारणे दिली होती. २०१८ मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळाने हे बदलले आणि गुलामगिरीच्या प्रसाराची भूमिका मध्यवर्ती असल्याचे व बाकीची दोन कारणे तिच्यातूनच निघाल्याचे मान्य केले. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. मुलाला घरीच टेक्सासचा १८६१ चा जाहीरनामा वाचायला द्या. आपल्याच राज्याचा कागद वाचताना मुले अधिक लक्ष देतात.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवतो. माझे विद्यार्थी कापूस उत्पादकांची मुले आहेत. ‘अमेरिकेतील दीडशे वर्षांपूर्वीच्या लढाईशी आमचा काय संबंध,’ असे एकाने विचारले. मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

उत्तर : आपल्या विद्यार्थ्यांचा संबंध पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षाही जवळचा आहे. युद्धापूर्वी ब्रिटनमधील गिरण्यांना लागणाऱ्या कापसातील फार मोठा वाटा अमेरिकेच्या दक्षिणेकडून येत असे. युद्ध सुरू होताच लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसाकडे वळली. भाव कडाडले, मुंबईत अमाप पैसा आला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या नावाने शेअर बाजार हलू लागला आणि समुद्र हटवून जमीन तयार करण्याच्या कंपन्या निघाल्या. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती ली शरण आले, कापसाचे भाव कोसळले आणि त्या वर्षाच्या जुलैमध्ये मुंबईतील अनेक पेढ्या व कंपन्या बुडाल्या. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्याच तेजीत प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून पुढे उभा राहिला. शेतकऱ्यांच्या वाट्याला मात्र तेजीत सहज मिळालेले आणि मंदीत फिटेनासे झालेले कर्ज आले. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानेही या चढउताराची नोंद घेतली. भाव ठरवणारी घटना आपल्या गावापासून किती दूर घडू शकते, हे आपल्या विद्यार्थ्यांना मी समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरा धागा महात्मा फुले यांचा. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निरपेक्ष त्याग केला, त्यांना अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशा व्यक्त केली. ही अर्पणपत्रिका वर्गात मोठ्याने वाचून घ्यावी. युद्ध संपून आठ वर्षे झाली होती, अमेरिकेच्या दक्षिणेत युद्धाचे कारणच बदलून सांगण्याचा उद्योग सुरू झाला होता, आणि पुण्यात बसलेल्या जोतीरावांना मात्र त्या युद्धाचा गाभा स्वच्छ दिसत होता. एक सावधगिरी सुचवतो. जातिव्यवस्था आणि अमेरिकेतील गुलामगिरी या दोन्ही अन्यायकारक व्यवस्था असल्या, तरी त्यांची कायदेशीर रचना, इतिहास आणि त्यांतून सुटण्याचे मार्ग वेगळे होते. फुल्यांनी त्यांची तुलना का केली, हा वर्गाचा विषय करावा. दोन्ही एकच होत्या असा निष्कर्ष मुलांच्या माथी मारू नये.

प्रश्न : गुलामगिरीतील क्रौर्य वर्गात किती सांगावे? काही मुले ‘गुलामांचा लिलाव’ अशी नाटिका बसवू इच्छितात. आणि परीक्षेत अखेर उत्तर लिहायचे कसे? (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : लिलावाची नाटिका बसवू नये. कोणाला तरी विकण्याचा माल म्हणून उभे करावे लागते, बाकीची मुले हसतात आणि त्या मुलाला जे सोसावे लागते, त्याचा इतिहासाच्या आकलनाशी संबंध उरत नाही. त्याऐवजी स्वतः गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांचे शब्द वाचून घ्यावेत. फ्रेडरिक डग्लस यांच्या आत्मकथनातील एक प्रसंग नववीच्या वयाला योग्य आहे. बाल्टिमोरमध्ये मालकीणबाईंनी लहान डग्लसला मुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली, तेव्हा तिच्या नवऱ्याने शिकलेला गुलाम गुलाम म्हणून निरुपयोगी होतो, असे सांगून ते थांबवले. अक्षरओळखीतच सुटकेची वाट आहे, हे त्या मुलाला त्याच क्षणी उमगले आणि तो रस्त्यावरील गोऱ्या मुलांकडून चोरून वाचायला शिकला. या प्रसंगात फटक्याचे वर्णन नाही, तरी ती व्यवस्था कशावर उभी होती, हे त्यातून पूर्ण कळते.

परीक्षेसाठी मुलांना पाच मुद्दे वेगवेगळे न लिहिता पहिल्याच वाक्यात आपला निष्कर्ष मांडायला सांगावे : गुलामगिरी आणि तिचा पश्चिमेकडील प्रसार हे मूळ कारण होते. त्यानंतरचा प्रत्येक परिच्छेद त्या कारणाशी जोडावा, म्हणजे राज्यांच्या अधिकारांविषयी लिहिताना १८५० चा कायदा यावा आणि निवडणुकीविषयी लिहिताना सिनेटमधला ढळलेला समतोल यावा. निदान एका जाहीरनाम्याचा तारखेसह उल्लेख असावा. युद्ध सुरू होणे आणि राज्ये फुटणे या दोन घटना एकच समजून लिहिलेल्या उत्तराला मी पूर्ण गुण देत नाही, आणि हे विद्यार्थ्यांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवावे.